नांगर गेला त्या दिवशीचे बास

माझा नवरा आर्विड आणि माझा भाऊ रेनो चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामाला पुरून आल्यावरच्या जेवणात रेनो म्हणाला होता, आर्विडने धुरी दिलेला मासा खारट झालाय. तेवढंच. पण होडी आर्विडची आणि तिचं इंजिन रेनोचं, त्यामुळे मासेमारीला दोघांना एकत्रच जावं लागे. आणि मधे मी, निरोप्या.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. मिशिगनच्या या वरच्या टोकाला तेव्हा तलावाचं पाणी इतकं गार असतं की बोट बुडवलं तर हाडात कळ जाते. उन्हाळाभर किनाऱ्याच्या खडकांत दिसणारे बास मासे कुठेतरी गडप झाले होते.

"लेम्पी, तुझ्या नवऱ्याला सांग, मासे खोलात उतरलेत. पाण्याखालच्या उताराच्या पायथ्याशी गर्दी करून बसलेत."

"लेम्पी, तुझ्या भावाला सांग, होडी माझी आहे."

आर्विडने उथळ खडकांवर नांगर टाकला. डुबुक् आवाज झाला. दोघे पाठीला पाठ लावून बसले आणि गळ सोडले. मी वेलदोड्याचा पाव कापला. तासभर काही नाही. खडक मात्र हळूहळू दूर चालले होते.

"किनारा सरकतोय का?" मी विचारलं.

वाऱ्याने होडी उतारावरून खोल पाण्यावर नेली. आता खाली तीस फूट पाणी होतं आणि गळ तळावरून गोगलगायीच्या चालीने घसटत होते. रेनोच्या गळाची काठी वाकली. झटका नाही, ओढ नाही. ओलं पोतं अडकल्यासारखं नुसतं वजन. मग ते वजन चालायला लागलं.

"लेम्पी, त्याला सांग..." रेनो म्हणाला. पण माझ्या एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पाव. मासा होडीखाली शिरला. "आर्विड, जाळी दे."

आर्विडने जाळी घातली. चांगला दोन्ही हातांनी धरावा लागेल असा तपकिरी बास वर आला. बास आम्ही धरून परत सोडतो; रेनो त्याला पाण्यात सोडतोय तोवर आर्विडची काठी वाकली. तिथे त्यांना सात मासे लागले.

निघताना आर्विडने नांगराचा दोर ओढला. नुसताच दोर हातात आला.

"बांधलेलाच नव्हता," रेनो म्हणाला. "टाकताना दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"आपण बोलत नव्हतो ना."

धक्क्यापर्यंत दोघे त्यावरून भांडत आले. होडी ओढून शेडमध्ये लावली तरी भांडण संपेना, म्हणून रेनो तसाच बोलत बोलत आमच्या घरात शिरला. स्वयंपाकघराच्या दारात थबकला आणि म्हणाला, "टेबल खिडकीपाशी कधी नेलंस गं?"

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं. "बस."