खडकवाडी हाल्टची मोजणी

आमच्या खडकवाडी हाल्टचा फलाट रुळांच्या उत्तरेला आणि गाव दक्षिणेला. ही अक्कल कोणाची, देव जाणे! गाव त्या फलाटावर कधी गेलंच नाही. तिकिटं विकणारा रामकिसनसुद्धा आपली पेटी घेऊन गावाकडच्या लिंबाखाली बसायचा. गाडी आली की आम्ही सगळे त्याच बाजूनं चढायचो. फलाट शेळ्यांना मोकळा.

१९८८ साली मी बारावीला होते. रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला कॉलेजात जायचे. गावात एसटी येत नव्हती.

त्या वर्षी काळ्या कोटातले एक साहेब तीन दिवसांसाठी आले आणि फलाटावर खुर्ची टाकून बसले. काळा कोट म्हणजे तिकीट तपासणारा, एवढंच गावाला ठाऊक. खिशात तिकीट असलेलेही त्यांना बिचकून लांब राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामकिसन घाबराघुबरा आमच्या दारात आला.

"कडूबादादा," तो माझ्या वडिलांना म्हणाला, "सायेब तिकिटं तपासायला न्हाई आले. किती मानसं चढतेत ते मोजून राह्यले. काल तीन, आज एक. उद्या बी असंच झालं तर हाल्ट बंद."

"लोक इकडून चढतेत हे सांगितलं न्हाई का तुम्ही?" मी कडाडले.

"सांगितलं की! ते म्हनले, गाडीच्या आड मला काय दिसतं? फलाटावरून चढलेलं मानूस दाखवा."

वडील म्हणाले, "हाल्ट गेला तर तुझं कालेज बी गेलं, तारे. जालन्यात खोली घेऊन ठेवायला न्हाई जमायचं." ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. तसं बोलले नाहीत, म्हणून रडूच कोसळलं.

डोळे पुसले आणि घरोघर फिरले. झुंबरबाई म्हणाल्या, "जल्मभर हिकडून चढले, आता म्हातारपनी तिकडून चढू?"

"चढा!" मी म्हटलं. "एक दिवस चढा, काय झिजणार न्हाई तुमचं!"

सकाळी खरंच सगळे फलाटावर आले. साहेब खुर्चीतून उठून बघायला लागले. मी मनातून फुगून गेले होते. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली आणि अर्धं गाव पिशव्या उचलून, सवयीनं, रूळ ओलांडून पलीकडे निघालं! झुंबरबाई सगळ्यांच्या पुढे.

वडील काठी आडवी धरून रुळांच्या कडेला धावले. "फिरा माघारी! जल्दी!" ढोरं वळवावीत तसं त्यांनी गाव वळवलं. कोणी हसत, कोणी शिव्या देत फलाटावर परतलं. गाडी थांबली. माणसं चढत राहिली, साहेबांची पेन्सिल पळत राहिली.

"एकाहत्तर," साहेब म्हणाले. "संपले ना?"

मी दारात चढले होते. वडिलांना कुठंच जायचं नव्हतं. काठी रामकिसनच्या हातात देऊन ते माझ्यामागे चढले आणि साहेबांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मला बी लिवा, सायेब. पोरीचं कालेज बघायला चाललो."

साहेबांनी लिहिलं, बहात्तर. हाल्ट राहिला.