इंजिनखालचं हिरवं पाणी

सकाळी शेडचं दार उघडलं, तर गाडीखाली पुन्हा हिरवं थारोळं. धाकटीने कपाळाला हात लावला. सासऱ्यांची ही जुनी गाडी कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. तिचं इंजिन धाकटीने स्वतः उघडलं होतं. नवे पाइप, नव्या क्लिपा, नवं गॅस्केट, सगळं आपल्या हाताने बसवलं होतं. लेथवर जन्म काढलेल्या बाईच्या हातून इंजिन गार ठेवणारं हे कूलंट गळावं?

मागून थोरली जाऊ आली. ती कारखान्यात पंप दुरुस्त करायची, आणि पहिल्यापासून तिचं एकच पालुपद होतं.

"परत गळलं? म्हणून सांगते, हे इंजिन उतरवा आणि दुसरं बसवा."

बोलणं नेहमीचंच, पण धाकटीची नजर तिच्या बाहीवर गेली. बाहीला हिरवा डाग होता. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पाणी गळतंय खरं, पण मुरतंय कुठे?

 थोरली कामाला गेल्यावर धाकटीने नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक क्लिपच्या स्क्रूवर आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, प्रत्येक बोल्टवर बारीक लाल रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या लोखंडावर. कुणी पाना लावला की रेघ तुटणार.

दोन दिवस जेवताना ती थोरलीकडे नुसती बघत राहिली. थोरलीने मीठ पुढे केलं तरी हिला त्यात डाव दिसायचा.

तिसऱ्या दिवशी क्लिपांवरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. हेडच्या बोल्टांवरच्या मात्र सगळ्या तुटल्या होत्या, आणि खाली थारोळं होतंच. धाकटी पाय आपटत घरात गेली.

"ताई, बोल्टांना हात तुम्ही लावलात ना?"

"लावला," थोरली शांतपणे म्हणाली. "इंजिन एकदा तापून गार झालं की झाकणाखालचं नवं गॅस्केट दबतं, बोल्ट सैल पडतात. परत आवळावे लागतात. तू आवळले नव्हतेस."

"मला सांगायचं."

"ऐकलं असतंस? मी इंजिन बदला म्हटल्यापासून तू माझ्याकडे वैऱ्यासारखी बघतेस. खालचं पाणी पुसताना बाहीला डाग लागला, त्याचासुद्धा संशय घेतलास."

 पण बोल्ट आवळले होते, तर मग गळतंय कुठून? दोघी शेडमध्ये गेल्या. थोरलीने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. मागच्या बाजूने बारीक फुसफुस आली.

धाकटीने आरसा आणि बॅटरी आत घातली. इंजिनच्या अंगात पत्र्याची वाटीसारखी बुचं असतात. त्यातलं सगळ्यात मागचं ओलं होतं. तिने पेचकस टेकवला, तो सरळ आत गेला. आतून पत्रा गंजून पापुद्रा झाला होता, आणि त्यावर तिनेच चकचकीत रंग मारला होता.

"वरून सोनं, आतून माती," थोरली म्हणाली. धाकटीला राग आला नाही, हसूही आलं नाही.

त्यांनी एकूण एक बुचं काढली, चांगली दिसत होती तीसुद्धा. नवी पितळेची ठोकून बसवली. रविवारी सासऱ्यांना पुढे बसवून लांब चक्कर मारून आल्या. खाली एक थेंब नव्हता.

"आता दुसरं इंजिन नको ना?" धाकटीने विचारलं.

"उन्हाळा जाऊ दे, मग बोलू."

धाकटीने तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. "बरं. पण पाना लावण्याआधी मला हाक मारा."

"मारीन," थोरली म्हणाली. धाकटीने तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं; शेडला कुलूप मात्र स्वतःच लावलं.