पट्टीवरचं तिसरं चित्र

कपडे वाळत घालून आई गच्चीवरून खाली आली, तर दार सताड उघडं.

"पिटुकले?"

घरात चिटपाखरूही नव्हतं. सात वर्षांच्या पिटुकलीला डाउन सिंड्रोम. कडी काढायला शिकताना तिला चार महिने लागले होते. विशेष मुलांच्या केंद्रातल्या ताईंनी बोट धरधरून शिकवलं, आणि आईने नात्यागोत्यात फोन करून कौतुक सांगितलं. तेच कौतुक आता अंगाशी आलं होतं.

दाराशेजारी ताईंनी करून दिलेली चित्रांची पट्टी होती. बूट, दप्तर, हात, रस्ता, केंद्र. एकेक काम झालं की त्याचं चित्र पट्टीवरून काढून खालच्या डबीत टाकायचं. आज केंद्राला सुट्टी. सुट्टीच्या आदल्या दिवशी पट्टी रिकामी करा, असं ताईंनी दहादा बजावलं होतं, आणि आई नेमकी विसरली होती. पिटुकलीच्या लेखी पट्टी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पट्टीवर रस्ता आणि केंद्र एवढीच चित्रं उरली होती. आईने डबी उपडी केली. बूट, दप्तर आणि हात.

हात म्हणजे मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. मग हिने कुणाचा धरला? पोर अशी, की कुणीही हात पुढे केला तर हसत जाईल. आपलं-परकं तिच्या गावीच नाही.

ती तशीच अनवाणी धावत सुटली. कोपऱ्यावर किल्लीवाला बसला होता.

"आमची पोर पाहिलीत? कुणाबरोबर होती?"

"गेली खरी इकडून. बरोबर कोण होतं ते नाही बघितलं, ताई. मान खाली घालून कानशीने किल्ली घासत होतो."

आपल्यामागे हिचा हात कोण धरणार, या काळजीने आई सात वर्षं धड झोपली नव्हती. पण हा असा, आजच कुणीतरी धरेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठ्या रस्त्यावर गाड्या सुसाट चालल्या होत्या. कुठे लहानसा बूट पडलेला दिसेल म्हणून तिला खाली बघवेना, आणि न बघून भागेना.

केंद्राच्या दाराला कुलूप होतं. पायरीवर, दप्तर पाठीला लावून, पिटुकली रुसून बसली होती.

"ताई उशीर," तिने तक्रार केली.

आईने तिला छातीशी धरलं, मग दूर करून डोकं, मान, पाय चाचपून पाहिले.

"कुणाचा हात धरलास? कोण होतं बरोबर?"

पिटुकलीला प्रश्न कळेना.

"दाखव मला. हात कसा धरलास?"

हे मात्र सोपं होतं. पिटुकलीने उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट गच्च धरून दाखवलं. मनगटावर तिच्याच बोटांचे चार लाल वळ आधीपासून होते.