पान दोनशे बारा

पुस्तकवाल्याच्या दुकानात दाराशीच एक फळी होती. तिच्यावर सहाच पुस्तकं मावायची आणि सहाच्या सहा त्याने स्वतः निवडलेली असायची. प्रत्येकात त्याच्या तिरक्या अक्षरात एक चिठ्ठी: कुणी वाचावं, कशासाठी वाचावं. दर एक तारखेला फळी बदलायची. शेवटचं पान वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा नेम त्याने सव्वीस वर्षं पाळला होता, आणि आपण तो पाळतो हे ऐकवायची एकही संधी सव्वीस वर्षांत सोडली नव्हती. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो असा झापायचा की बिचारं हातातलं पुस्तक ठेवून चालू लागायचं.

"दुकान चालवताय की शाळा?" बायको विचारायची.

तरी लोक यायचे. डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा याच्या चिठ्ठीने लवकर गुण येतो, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं आणि ते त्याच्या डोक्यात भिनलं होतं.

मग त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, तीन आठवडे वाचन बंद, आणि दुसरा डोळा तर आधीपासूनच नावापुरता. फळीसाठी पाच पुस्तकं तयार होती. सहावी, निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी, दोनशे बाराव्या पानावर अडकली होती. अजून अठ्ठ्याहत्तर पानं बाकी होती.

"मी वाचून दाखवते की," बायको म्हणाली. "दोन दुपारचं काम."

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं म्हणजे वाचलं होत नाही."

"मग पाचच ठेवा. आभाळ कोसळणार आहे का?"

आभाळ कोसळणार नव्हतं, पण फळीवरची रिकामी जागा त्याला बघवेना. कादंबरी एका नावाड्याची होती. मुलाशी भांडून वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेला हा म्हातारा हळूहळू विरघळतो आणि दोनशे बाराव्या पानावर मुलाला 'ये' म्हणून निरोप धाडतो. पुढे काय होणार ते शेंबडं पोरही सांगेल, असं पुस्तकवाल्याला वाटलं. त्याने अंदाजाने पेन चालवलं: 'घरच्या माणसावर रुसून बसलेल्यांसाठी. शेवटपर्यंत वाचा.'

दुसऱ्याच दिवशी ती कादंबरी शिवणवाल्या वहिनींनी नेली. त्यांचे यजमान, सगळे ज्यांना घड्याळजी म्हणायचे ते, फुप्फुसाच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळले होते. दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच तीनदा दुरुस्त केलं होतं आणि तिन्ही वेळा पैशांऐवजी पुस्तक नेलं होतं. आता हातात पुस्तक पेलवत नसे, म्हणून वहिनी रोज शिलाई आटोपली की पंधरा पानं वाचून दाखवत. त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून दुसऱ्या शहरात निघून गेली होती. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," हे घड्याळजींचे तिच्याशी शेवटचे शब्द होते.

दोन आठवड्यांनी वहिनी दुकानात आल्या त्या जवळजवळ धावतच.

"भाऊजी, काय पुस्तक दिलंत हो! काल नावाडी मुलाला निरोप धाडतो तिथेच मला थांबवलं आणि म्हणाले, पोरीला फोन लाव. स्वतः बोलले. येत्या शनिवारी येतेय ती!"

पुस्तकवाला फुगला. "मी लिहिलंच होतं," तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिचं ते बघणं त्याला मुळीच आवडलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली. दुकान उघडून त्याने कादंबरीची दुसरी प्रत घेतली आणि राहिलेली पानं वाचायला बसला. नावाड्याचा मुलगा येतो. बापाशेजारी बसून जेवतो, त्याचे पाय चेपतो. मग झोपेला आलेल्या बापाकडून होडी आपल्या नावावर करून घेतो आणि कागद खिशात घालून निघून जातो. म्हाताऱ्याला सगळं कळतं आणि तो काठावर बसल्या बसल्या मरतो. पुस्तकवाल्याने शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "इथे काय बसलाय? जा!"

तो तसाच निघाला. रोजची पंधरा पानं धरली तर वाचन आज-कालच संपत होतं. अजून थोडं उरलं असेल, आपण पुस्तक मागून घेऊ, छपाई चुकलीय म्हणू, असं काहीबाही तो वाटभर ठरवत होता.

वहिनींनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजले होते.

"काल संपलं," त्या म्हणाल्या. "लगेच फोन मागून घेतला आणि पोरीला म्हणाले, येऊ नकोस. का ते सांगितलं नाही. तिने फोन आपटला."

आत खाटेला लागून शिलाई मशीन होतं आणि भिंतीवर नऊ घड्याळं, सगळी बंद. घड्याळजींनी मान वळवली. बोलताना त्यांना दर तीन शब्दांनी थांबावं लागत होतं.

"या. बरं केलंत सावध केलंत ते. तुमची चिठ्ठी कधी चुकली नाही. म्हटलं, यांच्या दुकानात चार गावची माणसं येतात. पोरीबद्दल काही कानावर आलं असेल. तोंडाने कसं सांगणार, म्हणून पुस्तकातून सांगितलंत."

पुस्तकवाल्याने हो म्हटलं असतं तर त्याचं नाव राहिलं असतं. क्षणभर, खरंच क्षणभर, त्याच्या मनात ते येऊन गेलं, आणि त्याची त्याला नंतर जन्मभर लाज वाटली.

"मी शेवट वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "दोनशे बारापर्यंतच वाचलं होतं. पोरीबद्दल मला काही म्हणजे काही ठाऊक नाही."

घड्याळजींनी शिवी दिली नाही. बायकोकडे वळून एवढंच म्हणाले, "फोन लाव. सांग, ये म्हणून."

फोन बंद होता. वहिनींनी दहा वेळा लावला. शुक्रवारी बंद, शनिवारी बंद. घड्याळजी फोन उशाशी घेऊन पडले होते. रविवारी सकाळी ते गेले.

मुलगी आली ती सगळं उरकल्यावर. आठवड्याने ती दुकानात आली आणि निळी कादंबरी काउंटरवर ठेवली. चिठ्ठी आतच होती.

"आई म्हणते, बाबांनी मला पुन्हा बोलावलं होतं," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणते, मला कळतं. तुम्ही तेव्हा तिथे होतात असं ती सांगते. खरं काय ते सांगा, काका."

बायको हातातलं काम टाकून उभी राहिली. पुस्तकवाल्याने खरं ते सगळं सांगितलं. फळी, पट्टी, अठ्ठ्याहत्तर पानं, उशाशी ठेवलेला फोन, काहीही गाळलं नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. आवाज खाली आणावा असं त्याला वाटलं नाही.

मुलीने चिठ्ठी उचलून वाचली. "शेवटपर्यंत वाचा," ती मोठ्याने म्हणाली. "हे लिहिलंत तेव्हा तुम्ही कितव्या पानावर होतात?"

"दोनशे बारा."

"आणि बाबांनी मला 'ये' म्हटलं, ते कुठवर ऐकून?"

"तिथवरच."

"म्हणजे तिथपर्यंत ते माझी वाट बघत होते."

"नंतरही बघत होते," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो."

तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिने दोनशे बारावं पान उघडलं, त्याच्या पुढची सगळी पानं मुठीत धरली आणि ओढली. बांधणी चिवट होती. पानं अर्धवटच फाटली. पुस्तकवाल्याने खणातून लोखंडी पट्टी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. ती घेईना, तेव्हा त्यानेच पुस्तक आपल्याकडे ओढलं, पट्टी शिवणीलगत दाबून धरली आणि पानं सरळ रेषेत फाडून दिली.

पहिली दोनशे बारा पानं ओढणीत गुंडाळून ती निघून गेली. क्षमा करते असं म्हणाली नाही, आणि त्यानेही मागितली नाही. अठ्ठ्याहत्तर पानं आणि ती चिठ्ठी काउंटरवर राहिली.