पुनमच्या गाडीचं काळं छत

सोमेश्वरच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं छत उन्हानं पार सोललं होतं. चार वर्षं सेनगावच्या उन्हात बिनसावलीची उभी राहिलेली गाडी, रंगाचे पापुद्रे निघणार नाहीत तर काय होणार? एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण शुक्रवारी त्याच्या चुलत बहिणीचं, पुनमचं, औंढ्याला लग्न होतं आणि पोरगी हट्टालाच पेटली होती, "दादा, माझी पाठवणी तुझ्याच गाडीतून." झालं! सोमेश्वरनं मोबाईलवर दहा व्हिडिओ बघितले, छताला चिकटवायचं काळंभोर चमकदार प्लास्टिक, व्हिनाइल म्हणतात ते, मागवलं आणि मंगळवारी सकाळी बायकोला, आकांक्षाला, हाताशी घेऊन अंगणातच कारखाना मांडला.

त्याची आई पार्वतीबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिला त्या छताशी काही देणंघेणं नव्हतं. तिचे कान लागले होते कमरेएवढ्या भिंतीपलीकडं, धाकट्या जावेच्या अंगणात. हळद परवावर आली तरी ही जाऊ, पुनमची आई मिराबाई, आवतन घेऊन आलेली नव्हती. पत्रिका तेवढी आली होती, तीही पोरांच्या हाती. आता तुम्हीच सांगा, सख्ख्या थोरल्या जावेला कुणी पत्रिकेवर बोलावतं का? दारात यावं लागतं, हळद-कुंकू लावून अक्षता द्याव्या लागतात. त्याशिवाय पाय कसा उचलणार?

आणि घोडं नेमकं त्या कुंकवापाशीच अडलं होतं. तीन वर्षांमागं पार्वतीबाईचा नवरा गेला. आणि आता पाच महिन्यांमागं पुनमचा साखरपुडा झाला, तेव्हा मिराबाई कुंकवाचं ताट घेऊन बायांच्या रांगेतून फिरत आली, पार्वतीबाईपाशी येऊन थबकली आणि तशीच पुढच्या बाईकडं वळली. अख्ख्या मांडवानं बघितलं. ज्या पुनमला पार्वतीबाईनं जन्मापासून आठ महिने मांडीवर वाढवलं, कारण मिराबाई काविळीनं अंथरुणाला खिळलेली, त्याच पुनमच्या साखरपुड्यात! त्या दिवसापासून दोघी जावांनी तोंडात गुळण्या धरल्या होत्या.

मग गाडी काहून दिली म्हणाल, तर पार्वतीबाईचा जवाब ठरलेला होता, "मायीशी भांडण हाय. पोरीनं काय घोडं मारलं माजं?"

तिकडं सोमेश्वरनं छत घासलं, धुतलं, स्पिरिटनं पुसलं. आता मागचा कागद सोलायचा आणि चौघांनी चार कोपरे ताणून धरायचे, एवढंच बाकी होतं. चौथा गडी म्हणजे त्याचा दोस्त स्वप्निल. तो तासाभरापासून फोनवर "निघालोच, येऊन राहिलो" म्हणत होता. सोमेश्वरला कुठला दम! आईला लसणावरून उठवलं, तिच्या हाती दोन कोपरे दिले आणि सर्रकन कागद सोलला.

त्याच घडीला वारं सुटलं. एक कोपरा पार्वतीबाईच्या हातातून निसटून फडफडायला लागला. चिकट बाजू चिकट बाजूवर पडली की खेळ खलास.

"काकूऽऽ! पळा! धरा!" सोमेश्वर बोंबलला.

भिंतीपलीकडं मिराबाई गहू निवडत होती. सूप तसंच टाकलं, साडी खोचली आणि पन्नाशीची बाई पोरीसारखी भिंत ओलांडून आली. तिनं कोपरा हवेतच धरला. धरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कुणाच्या शेजारी उभ्या आहोत.

"आता हलू नका," सोमेश्वर म्हणाला. "आदी तिकडची अर्धी बाजू बसवतो. तवर तुमी दोगी इकडची वर उचलून धरा. सोडलं तर सगळं वाया. दुसरा तुकडा न्हाई."

आकांक्षानं व्हिनाइल गरम करायला केस वाळवायचं मशीन चालू केलं, सोमेश्वर पट्टीनं हवा बाहेर काढत सरकू लागला आणि गाडीच्या अलीकडं दोघी जावा, हात वर करून, हातभर अंतरावर. धड जाता येईना, धड तोंड फिरवता येईना. पार्वतीबाई मनात म्हणाली, देवा नागनाथा, कुठं आणून उभं केलंस!

शेवटी मिराबाईनं सोमेश्वरवरच तोंड टाकलं. "काय रे, लग्नाच्या गाडीला काळं लावून राहिला? दुसरा रंग मिळाला न्हाई व्हय?"

"मी बी तेच म्हनलं," पार्वतीबाईच्या तोंडून निघून गेलं. "पर आयकतंय कोन!"

"फॅशन हाय, काकू!"

"चुलीत घाल तुजी फॅशन," दोघी एकदमच म्हणाल्या आणि एकदमच आपापल्या कोपऱ्याकडं बघू लागल्या.

मग मिराबाईच समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू द्या आक्का. काळ्यानं काय व्हतंय? उलट लेकराला दिष्ट लागनार न्हाई."

बस्स. पार्वतीबाईच्या पोटात पाच महिने साचलेलं होतं ते वर आलं.

"काळं छत चालतंय तुला पोरीच्या लग्नाला, मिरे. मी चालले न्हाई."

सोमेश्वरची पट्टी थांबली. आकांक्षानं मशीन बंद केलं. मिराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि पुसायला हात कुठं मोकळे! नाक ओढत ती म्हणाली, "सोयऱ्याच्या बाया बगून राहिल्या व्हत्या, आक्का. एकीनं डोळे वटारले. मी भ्याले. पोरीच्या पुढं काय वाईट झालं तर, आसं आलं मनात. घरी येऊन लई रडले. तुमच्या दारापोतर तीनदा आले मी ताट घिऊन. तिन्ही येळा माघारी फिरले. कोन्त्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं यायचं व्हतं. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुमी बोलला न्हाईत तर, ह्याचं भ्या वाटलं."

बोलली असती का पार्वतीबाई? खरं सांगायचं तर नसती बोलली. दार लावून घेतलं असतं धाडकन. पीळ काय एकीकडंच असतो?

"आक्का," मिराबाई म्हणाली, "परवा हळद हाय. जात्यावर पयला हात तुमचा. कोनी डोळे वटारू, कोनी उटून जाऊ. माज्या पोरीला तुमीच जगवलं."

"आसं आवतन देत असतेत व्हय? ताट न्हाई, कुंकू न्हाई."

"हात सोडले तर छत जातंय!"

"मंग?"

मिराबाईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग कोपरा तसाच वर धरून ती वाकली आणि आपलं कपाळ पार्वतीबाईच्या कपाळावर नेऊन टेकवलं. टेकवलं कसलं, आदळलंच. "अगं माय!" पार्वतीबाई ओरडली. पण मागं सरकली नाही. मिराबाईच्या रुपयाएवढ्या कुंकवाचा घामानं ओला झालेला अर्धा भाग, वाकडातिकडा, तिच्या कपाळावर उमटला होता. तीन वर्षांनी त्या कपाळाला कुंकू लागलं.

आता पार्वतीबाईही रडत होती. तोंड लपवायला पदर हाती नव्हता, आणि तिला लपवायचंही नव्हतं.

"आई, ढिल्लं सोडू नको," सोमेश्वर म्हणाला. त्यानं खाली मान घालून पट्टी फिरवली आणि बघता बघता त्यांच्या बाजूचाही अर्धा भाग बसला. कोपऱ्यापाशी एक सुरकुती राहिली, ती त्या दोघी वाकल्या तेव्हाची. आकांक्षा मशीन घेऊन तिकडं वळली, तसं त्यानंच तिचा हात धरला आणि राहू दे म्हणाला.

हात मोकळे झाले. कुंकू घामाबरोबर नाकावर ओघळलं होतं. आकांक्षाला वाटलं, सासूबाई आता पदरानं कपाळ पुसणार. पार्वतीबाईनं पदर उचलला खरा, पण त्या पदरानं मिराबाईचे डोळे पुसले, नाकसुद्धा पुसलं.

"चल," ती म्हणाली, "गहू अजून निवडायचे आसतील तुजे. तुला कवा येळेत काम जमलंय!"

आणि मिराबाईच्या आधी पार्वतीबाईच भिंत ओलांडून पलीकडं गेली.