बाँगछीचं बाद मत

बुदाईच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांमध्ये लिम बाँगछीचा हात सगळ्यांत जलद. वय अठ्ठावन्न. नावाचा अर्थ ‘झालीये तर पोसू हिला’; चौथी मुलगी झाल्यावर बापाने वैतागून ठेवलेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि चेहरे पक्के ओळखायची.

१९९६च्या त्या मार्चमध्ये तैवानातले लोक पहिल्यांदाच आपला राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडणार होते. समुद्रात चीनची क्षेपणास्त्रं पडत होती, म्हणून बोटी धक्क्याला बांधलेल्या आणि पुरुष रिकामे. बाँगछीचा नवरा हॉकसेंग याने सरपंचाला शब्द देऊन टाकला होता, आमच्या घरची सगळी मतं दोन नंबरला.

“लक्षात आहे ना? दोन नंबर,” सकाळी चपला घालताना त्याने पुन्हा बजावलं.

“आहे हो,” ती म्हणाली.

पण तिचं ठरलं होतं. टीव्हीवरच्या भाषणात तीन नंबरवाला जुन्या लष्करी राजवटीत पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसांबद्दल बोलला होता. तिचा थोरला भाऊ शाळामास्तर होता. ती बारा वर्षांची असताना त्याला जेवणावरून उठवून नेलं, तो परत आला नाही. त्यानंतर घरात त्याचं नाव काढायची बंदी झाली. लग्नानंतरही तिने ते कधी काढलं नाही.

शाळेतल्या मतदान केंद्रात तिने ओळखपत्र दाखवलं, यादीत सहीऐवजी, तिकडच्या रीतीप्रमाणे, आपल्या नावाचा शिक्का उमटवला आणि मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली. तिथे सरकारी शिक्का ठेवलेला होता. तो तिला दिसलाच नाही. हातात स्वतःचा होता, तोच तिने तीन नंबरच्या चौकटीत दाबून उमटवला.

चार वाजता मोजणी सुरू झाली. खिडक्यांशी निम्मं गाव लोटलं. एक कर्मचारी एकेक मतपत्रिका वर धरून ओरडायचा, दुसरा तेच परत ओरडायचा, तिसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढायचा.

“दोन नंबर, एक!”

“दोन नंबर, एक!”

मग एक पत्रिका वर धरली गेली आणि कर्मचारी थबकला. “बाद! चौकटीत खाजगी शिक्का आहे.”

खिडकीतल्या कुणीतरी मान लांब करून वाचलं, “लिम बाँगछी! तीन नंबर!”

एकच हशा पिकला. सरपंच हॉकसेंगकडे वळला. “काय राव, घरातलं एक मत सांभाळता आलं नाही?”

हॉकसेंगचा चेहरा लाल झाला. बाँगछीचेही कान तापले, पण ती पुढे झाली. “बाद का म्हणून? नाव माझं, मतही माझंच.”

“मावशी, मत गुप्त असावं लागतं,” कर्मचारी समजुतीने म्हणाला. “नाव दिसलं की बाद.”

“पण मी कुठे लपवतेय?”

या वेळी कुणी हसलं नाही. कर्मचाऱ्याने पत्रिका बादच्या गठ्ठ्यात ठेवली आणि पुढची उचलली.

हॉकसेंग तिच्यापुढे दहा पावलं चालत घरी गेला. दोन नंबर निवडून आला, बाहेर फटाके वाजले, तरी तो जेवणावर मान खाली घालूनच बसला होता. शेवटी म्हणाला, “मला आधी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर?”

“नको म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

त्याने वाडग्यातली पेज संपवली. “तुझ्या भावामुळे?”

तिने चमकून वर पाहिलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“लग्न ठरताना मध्यस्थाने सांगितलं होतं. विषय काढू नका म्हणाला, मी काढला नाही.” मग त्याने विचारलं, “काय शिकवायचा तो?”

“गणित. चित्रंही छान काढायचा.”

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा बायकांनी यथेच्छ चेष्टा केली. “आली बघा, सही करून मत देणारी!” तीही हसली आणि सुरी घेऊन बसली. दुपारी बाकीच्या पाणी प्यायला उठल्या. शेजारची किम वहिनी तेवढी बसून राहिली. ती सरपंचाची सख्खी बहीण. हातातलं कालव तिने कितीतरी वेळ फोडलं नाही.

“माझ्या दिराला नेलं होतं,” ती हळूच म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही मी.”

बाँगछीने सुरी खाली ठेवली. “नाव काय होतं त्यांचं?”

किम वहिनीने आधी मागे वळून पाहिलं. मग नाव सांगितलं.