पांढऱ्या चादरींचं पत्र

दर गुरुवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचा वर्ग भरतो. सहा विद्यार्थी, एक शिक्षिका आणि एक कादंबरी. विद्यार्थ्यांत सगळ्यात वयस्कर मी, एकाहत्तर वर्षांचा. 'साहित्याची आवड' असं मी अर्जात लिहिलं होतं. खरं कारण असं की, बायको गेल्यापासून घरात दिवसभर फक्त फ्रिजचा आवाज असतो. मुलगा रविवारी फोन करतो आणि दोन मिनिटांत 'बाकी काय?' विचारतो, म्हणजे फोन ठेवायची वेळ झाली. गुरुवारी मात्र कोणीतरी माझं मत विचारतं. त्यासाठी मी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो.

शर्टाला इस्त्री करणाऱ्या लॉण्ड्रीवाल्या बाई वर्गात माझ्याच शेजारी बसतात. पन्नाशीच्या, मनगटांवर भाजल्याच्या खुणा, हसणं खणखणीत. मला उशीर झाला तर खुर्चीवर आपली पिशवी ठेवून जागा धरतात. माझ्यासाठी जागा धरणारं माणूस जगात दुसरं कोणी उरलेलं नाही.

कादंबरी विनोदी होती. तिचा नायक एका कारखान्याची सरकारदरबारी वकिली करणारा माणूस. धुरामुळे सूर्यास्त जास्त सुंदर दिसतो, हे तो मंत्र्यांना पटवून देतो. भाड्याचे तज्ज्ञ आणतो, 'उद्योगातील नीतिमत्ता' या विषयावर परिसंवाद भरवतो आणि अध्यक्षपदी स्वतःच बसतो. वर्ग हसून लोळायचा. मीही हसायचो, पण मनातल्या मनात लेखकाच्या चुका काढायचो. याला काही माहीत नाही, असं पानोपानी वाटायचं. अधिकारी परिसंवादांनी वळत नाही. त्याला वळायला एक कारण लागतं आणि ते कागदावर लागतं.

मला हे ठाऊक होतं, कारण अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. लोक ज्याला लॉबिंग म्हणतात त्याला आमच्या कंपनीत 'समन्वय विभाग' म्हणत. वर्गात मी फक्त 'ऑफिसात होतो' एवढंच सांगून ठेवलं होतं.

एका गुरुवारी शिक्षिकेनं गृहपाठ दिला. नायक सामान्य नागरिकांच्या नावानं खोटी पत्रं लिहितो. तसं एक पत्र आपण लिहून आणायचं. माझे हात शिवशिवले. अशी चारशे पत्रं मी लिहिली असतील, कधी निवृत्त शिपाई होऊन, कधी तीन मुलांची आई होऊन. त्यातली गोम एकच. प्रत्येक पत्रात एक बिनकामाची गोष्ट घालायची. माणूस मुद्द्यावर नाही, त्या बिनकामाच्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. नवीन काही रचायचे कष्टही मी घेतले नाहीत. माझं सगळ्यात गाजलेलं पत्र जसं आठवलं तसं उतरवून काढलं. शेखी मिरवायची खाज, दुसरं काय.

पुढच्या गुरुवारी शिक्षिकेनं ते मोठ्यानं वाचलं. "मी कपडे धुऊन पोट भरते. माझी दोरी कारखान्याच्या बाजूलाच आहे. नवी चिमणी येणार म्हणून लोक उगाच ओरडतात. माझ्या पांढऱ्या चादरी पांढऱ्याच राहतात. परवा एक तेवढी शेजारच्या मांजरानं घाण केली."

मांजरावर सगळे खो खो हसले. वर्गातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. इतकं कौतुक मला बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच मिळत होतं आणि मी फुगून बसलो होतो. माझ्या शेजारी मात्र हसू नव्हतं.

"काका, हे कुठे वाचलंत तुम्ही?" लॉण्ड्रीवाल्या बाईंनी विचारलं.

"का हो?"

"चिमणीला आमच्या गल्लीचा विरोध होता, त्याच्या सरकारी सुनावणीत वाचून दाखवलं होतं हे. तीस वर्षं झाली. मी आईबरोबर गेले होते. खाली नाव नव्हतं. गल्लीत धुणं धुणाऱ्या दोघीच, आई आणि समोरची मावशी. आईनं लिहिलं नव्हतं आणि मांजर मावशीकडे होतं, म्हणून आईला वाटलं, तिनंच आपलं मांजर 'शेजारचं' करून लिहिलं. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलली नाही. सख्ख्या बहिणींसारख्या होत्या हो दोघी. नंतर आई दारात बसून समोर वरच्या बंद खिडकीकडे बघत राहायची. बोलायला कुणी नव्हतं तिला. तशीच गेली, चार वर्षांपूर्वी."

सुटायची वाट त्यांनी स्वतःच दाखवली होती. 'कुठल्याशा जुन्या पेपरात वाचलं' एवढं म्हटलं असतं की माझी खुर्ची, माझा गुरुवार, सगळं शाबूत राहिलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण बंद खिडकीकडे बघत बसणं म्हणजे काय, हे मला आता कळत होतं. तीस वर्षांपूर्वी कळत नव्हतं.

"वाचलं नाही," मी म्हणालो. "मीच लिहिलं होतं. पगार होता त्याचा मला."

शिक्षिकेनं माझा कागद टेबलावर उलटा ठेवला. लॉण्ड्रीवाल्या बाईंनी आपली पिशवी उचलली.

"मावशी आहे अजून," त्या म्हणाल्या. "चला. तिला तुमच्या तोंडानं सांगा."

मावशीची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात बाई एकदा थांबल्या, म्हणाल्या, "तीस वर्षांत चढले नाही हा जिना." दार उघडलं ते खुद्द मावशीनं, ऐंशीच्या घरातल्या किडकिडीत बाईनं. तिनं लॉण्ड्रीवाल्या बाईंना ओळखलं, पण 'ये' म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली आणि खिडकीशी खुर्चीवर जाऊन बसली. बाईंनी हातातली पिशवी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जिन्यात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामी आलं नाही.

"मांजर कुठून आणलंत?" मावशीनं विचारलं.

"मनानंच घातलं. खरं वाटावं म्हणून."

माझ्याकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "म्हणजे तुझ्या आईनं नव्हतं लिहिलं ते?"

"आईनं? मावशी, आईला वाटायचं तू लिहिलंस!"

"मी कशाला लिहू? मला वाटलं तिनंच. माझ्या मांजराच्या नावानं गल्लीत ओरडायची ती एकटीच." मावशीनं मान वर करून मला विचारलं, "आता हे मी तिला कुठे जाऊन सांगू?"



लॉण्ड्रीवाल्या बाईंनी पिशवी उचलून खाली ठेवली, ती खुर्ची ओढून मावशीच्या अगदी जवळ नेली आणि बसल्या. मावशीनं त्यांचं मनगट धरलं. खोलीत तिसरी खुर्ची नव्हती. मी दार हळूच लोटून जिना उतरलो.